एटापल्लीची आठ अक्षरे : इंग्रजी शब्दशोधाचा एक पाठ

गडचिरोली जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकी एटापल्ली हा दक्षिण भागातील वनाच्छादित तालुका होय. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून या तालुक्याचा कारभार नव्या जिल्ह्यातून चालतो. येथील अनेक गावे माडिया गोंड समाजाची आहेत. या समाजाची माडिया बोली द्राविड भाषाकुलातील असून तिचे नाते मराठीपेक्षा तेलुगूशी अधिक जवळचे आहे. या गावांतील मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसते, तेव्हा त्याला मराठी ही नवी भाषा म्हणून शिकावी लागते. महाराष्ट्रातील सर्व शाळांत सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे सहा वर्षांच्या या मुलासमोर घरी न बोलल्या जाणाऱ्या दोन भाषा आणि दोन लिप्या येतात.

इंग्रजीचे घोडे कोठे अडते, हे प्राथमिक शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. ‘सी ए टी कॅट, आर ए टी रॅट’ असे सामुदायिक पाठांतर वर्गात उत्साहाने चालते. स्पेलिंग तोंडपाठ होते आणि फळ्यावरचा ओळखीचा शब्द वाचताही येतो. मात्र न पाठ केलेला शब्द समोर आला की वाचन थांबते. प्रत्येक शब्द ही अक्षरनामांची एक स्वतंत्र साखळी, अशीच मुलाची समजूत झालेली असते. चौथीपर्यंत अशा शेदोनशे साखळ्या सांभाळता येतात. आठवी-नववीत त्यांची संख्या काही हजारांवर जाते आणि पाठांतराचा बांध फुटतो. शहरातील मुलाला दुकानाच्या पाट्या, शिकवणी आणि घरातील मोठी माणसे यांचा आधार असतो. जंगलातील गावात तो आधार शाळेपुरताच मर्यादित राहतो. म्हणून शब्दाची मोडणी आणि जोडणी मुलाच्या हाती देणारे साधे साधन येथे विशेष मोलाचे ठरते. ठरावीक अक्षरे देऊन त्यांतून शब्द शोधावयास लावणे हे असे एक साधन असून त्याचा आरंभ तालुक्याच्या नावापासूनच करता येतो.

चार अक्षरे आणि आठ अक्षरे

देवनागरीत ‘एटापल्ली’ या नावात ए, टा, प आणि ल्ली अशी चार अक्षरे आहेत. त्यांचा क्रम बदलून मराठी शब्द शोधू गेल्यास टाप, पटा, पल्ली असे मोजकेच शब्द हाती लागतात. याचे कारण आपल्या लिपीच्या घडणीत आहे. देवनागरीतील अक्षर आपला स्वर सोबत घेऊनच येते. ‘टा’ मधील ‘आ’ सोडवून तो ‘प’ ला लावता येत नाही. तसे केल्यास ते अक्षरच बदलते.

रोमन लिपीत हेच नाव ई, टी, ए, पी, ए, एल, एल, आय अशा आठ अक्षरांनी लिहितात. येथे स्वर आणि व्यंजन वेगवेगळे उभे असल्याने स्वर उचलून कोठेही ठेवता येतो. परिणामी चार अक्षरांतून जेथे तीनचार शब्द निघतात, तेथे या आठ अक्षरांतून काही डझन इंग्रजी शब्द निघतात. दोन्ही लिप्यांतील हा मूलभूत फरक व्याकरणाच्या व्याख्येने समजावून सांगणे कठीण आहे, पण पुठ्ठ्याच्या आठ चौकोनांनी तो दहा मिनिटांत दिसतो.

आणखी एक अडचण याच नावात लपलेली आहे. ‘एटापल्ली’चा उच्चार ‘ए’ ने सुरू होतो. त्यामुळे मूल साहजिकच ‘ए’ नावाच्या अक्षराकडे हात नेते. प्रत्यक्षात तेथे ‘ई’ नावाचे अक्षर असते. शेवटी ‘ई’ ऐकू येते, तर तेथे ‘आय’ उभा. अक्षराचे नाव आणि त्याचा ध्वनी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पटवून देण्यास याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

तीन वेगळे प्रश्न

‘या अक्षरांचे शब्द सांगा’ असे म्हटले की वर्गात गोंधळ होतो, कारण या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले असतात. पहिला प्रश्न असा : दिलेल्या अक्षरांतीलच अक्षरे घेऊन, कोणतेही अक्षर जितके वेळा दिले आहे त्याहून अधिक न वापरता, कोणते शब्द बनतात? दुसरा : दिलेली सर्व अक्षरे ज्यात आहेत, मग इतर कितीही अधिक असोत, असे शब्द कोणते? तिसरा : दिलेली अक्षरे त्याच क्रमाने आणि सलग ज्यात येतात असे शब्द कोणते? शिक्षकाने खेळ सुरू करण्यापूर्वी यांपैकी कोणता प्रश्न विचारला आहे हे स्पष्ट सांगावे. दुसरीतिसरीच्या वर्गास पहिला प्रश्न योग्य. दुसरा प्रश्न पाचवीच्या पुढे ठेवावा.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. एटापल्लीची आठही अक्षरे वापरून किती प्रकारच्या रचना होतात? त्यांत ए दोनदा आणि एल दोनदा आहे, हे लक्षात घेता हिशेब १०,०८० असा येतो. एकेक रचना मांडून पाहणे हा मार्ग नव्हे, हे एवढ्यावरून कळावे. सुदैवाने इंग्रजी शब्दांना स्वतःच्या काही सवयी आहेत आणि शोध त्या सवयींच्या मागाने करावयाचा असतो.

दिलेल्या अक्षरांतील सर्वांत कमी वापरले जाणारे अक्षर प्रथम हाती घ्यावे. येथे ते ‘पी’ आहे. ते आधी आरंभी ठेवावे, मग शेवटी. त्याच्याशेजारी एकेक स्वर ठेवून पाहताच पॅट म्हणजे थोपटणे, पेट म्हणजे लाडका प्राणी, पिट म्हणजे खड्डा, तसेच टॅप म्हणजे नळ, टिप म्हणजे टोक, लिप म्हणजे ओठ, लॅप म्हणजे मांडी असे शब्द मिळू लागतात. यानंतर ‘एल’ ची जोडी वापरावी. ती शब्दाच्या शेवटी बसते, आरंभी बसत नाही : टॉल म्हणजे उंच, टेल म्हणजे सांगणे, पिल म्हणजे औषधाची गोळी, ऑल म्हणजे सर्व, इल म्हणजे आजारी. ‘पी’ आणि ‘एल’ यांचे जोडाक्षर मात्र आरंभी चालते. त्यातून प्लेट हा सर्वांच्या परिचयाचा शब्द निघतो.

तिसरी सवय शेवटच्या मुक्या ‘ई’ ची. टी, ए, पी मिळून टॅप होतो. त्यापुढे ई ठेवताच तो टेप म्हणजे फीत होतो. ई स्वतः उच्चारली जात नाही, परंतु आधीच्या स्वराचा सूर बदलते. पॅल म्हणजे सोबती, त्याला ई लागली की पेल म्हणजे फिकट. पिल मधील एक ‘एल’ काढून त्या जागी ई ठेवली तर पाइल म्हणजे रास तयार होते. टिल म्हणजे ‘पर्यंत’ याचे त्याच रीतीने टाइल म्हणजे कौल होते. ही मुकी ई ज्या मुलाला एकदा उमगली, त्याची शेकडो शब्दांच्या पाठांतरातून सुटका होते. शिक्षकांनी या टप्प्यावर घाई करू नये. एक आठवडा केवळ ई ठेवणे आणि उचलणे यावर खर्च झाला तरी तो सत्कारणी लागेल.

चौथी सवय शब्दांच्या शेपट्यांची. इंग्रजीतील अनेक क्रियापदांच्या शेवटी ए, टी, ई ही तीन अक्षरे येतात. एटापल्लीच्या आठ अक्षरांतून ही तीन बाजूला काढून शेवटी ठेवली तर उरतात पी, ए, एल, एल, आय. ती आहेत त्याच क्रमाने पुढे मांडली की ‘पॅलिएट’ हा आठ अक्षरांचा शब्द पूर्ण होतो. एकही अक्षर उरत नाही, एकही कमी पडत नाही. गावाच्या नावातील पहिली तीन अक्षरे उलट करून मागे नेली, इतकाच काय तो फेरफार. पॅलिएट म्हणजे रोग मुळातून न घालविता त्याच्या यातना कमी करणे. लॅटिनमधील ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर घ्यावयाचे वस्त्र, त्यावरून ‘पांघरूण घालणे’ या अर्थाने हा शब्द आला. असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्यासाठी रुग्णालयांत जी सेवा दिली जाते, तिच्या इंग्रजी नावातही हाच शब्द आहे. प्राथमिक वर्गातील मुलांना तो शिकविण्याचे कारण नाही. आठवीनववीच्या विद्यार्थ्यांपुढे मात्र शेपटीवरून शब्द कसा पकडावा, याचा नमुना म्हणून तो अवश्य ठेवावा.

ऐकू येते एक, लिहावे लागते दुसरे

बाजारातील अनेक इंग्रजी मार्गदर्शिकांत इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत छापलेले असतात. प्रस्तुत लेखातही तोच मार्ग अवलंबिला आहे. त्याची मर्यादा एटापल्लीच्याच अक्षरांवरून दाखविता येते. टी, ए, एल, ई मिळून ‘टेल’ म्हणजे गोष्ट. टी, ए, आय, एल मिळूनही ‘टेल’च, पण अर्थ शेपूट. पी, ए, एल, ई चा ‘पेल’ म्हणजे फिकट, तर पी, ए, आय, एल चा ‘पेल’ म्हणजे बादली. सहा अक्षरांचे दोन शब्द घेतले तर ‘पॅलेट’ म्हणजे टाळू आणि ‘पॅलेट’ म्हणजे माल रचण्याची लाकडी बैठक. एकात ए दोनदा, दुसऱ्यात एल दोनदा. देवनागरीत हे सर्व शब्द जोडीजोडीने सारखेच दिसतात. म्हणून उच्चारासाठी देवनागरीचा आधार घेण्यास हरकत नसली, तरी शब्द बनविण्याचे काम रोमन अक्षरांच्या पत्त्यांवरच झाले पाहिजे.

याच्या उलट प्रकार दुसऱ्या प्रश्नात दिसतो. नावातील पहिली तीन अक्षरे, ई, टी आणि ए, तेवढी घ्यावीत. त्यांचेच ईट म्हणजे खाणे, एट म्हणजे खाल्ले आणि टी म्हणजे चहा असे तीन शब्द होतात. आता ही तिन्ही ज्यात आहेत असे मोठे शब्द शोधण्यास सांगावे. टीचर, वॉटर, स्टेट, हेल्थ, ग्रेट, अर्थ म्हणजे पृथ्वी, हार्ट म्हणजे हृदय, टीक म्हणजे सागवान. सागाच्या या शब्दावर मुले थबकतील, कारण आलापल्लीचे सागवान त्यांच्या परिचयाचे आहे. टीक, हेल्थ, ग्रेट, अर्थ आणि हार्ट या पाच शब्दांत ई आणि ए ही अक्षरे त्याच क्रमाने शेजारी उभी आहेत, तरी उच्चार पाच तऱ्हांचे! इंग्रजी लिपीचा हा लहरीपणा मुलांपासून लपवून ठेवू नये. त्यांना तो आधी कळला तर पुढे चूक झाल्यास ती स्वतःला मंद समजणार नाहीत.

कोणत्या अक्षराचे किती पत्ते?

इंग्रजी मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे अक्षर ई, त्यानंतर टी आणि त्यानंतर ए. एटापल्लीचे नाव नेमके याच क्रमाने सुरू होते, हा एक मनोरंजक योगायोग आहे. छापखान्यातील जुन्या लायनोटाइप यंत्राच्या कळफलकाची पहिली उभी ओळही ई, टी, ए अशीच सुरू होत असे. तारयंत्राच्या मोर्स लिपीत ई साठी केवळ एक टिंब, टी साठी एक रेघ आणि ए साठी टिंब व रेघ अशी योजना होती. अधिक लागणाऱ्या अक्षरास कमी श्रम पडावेत, हा त्यामागील विचार. मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी छापखान्यातील खिळ्यांच्या संख्येवरून हा अंदाज बांधला होता. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. अक्षरांची ही गणना मात्र इतरत्र उपयोगी पडत राहिली.

अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३० नंतरच्या मंदीच्या काळात बेकार असताना वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजून एक शब्दखेळ तयार केला. १९४८ पासून तो स्क्रॅबल या नावाने ओळखला जातो. त्याच्या शंभर चौकोनांपैकी दोन कोरे असून उरलेल्यांत ई बारा, ए व आय प्रत्येकी नऊ, ओ आठ, एन, आर व टी प्रत्येकी सहा, एल, एस, डी व यू प्रत्येकी चार आणि जी तीन आहेत. जे, के, क्यू, एक्स व झेड यांचा प्रत्येकी एकच चौकोन. बाकी सर्व अक्षरांचे दोनदोन. एस चार इतकेच ठेवण्यामागे हेतू आहे. शेवटी एस लावून अनेकवचन करण्याची सोपी पळवाट खेळाडूंना फार वेळा मिळू नये.

शाळेने हा खेळ विकत घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. वह्यांची जुनी वेष्टने व खोक्यांचे पुठ्ठे कापून वरील प्रमाणात पत्ते केले की संच तयार होतो. विद्यार्थी पत्ते कापत असतानाच ‘ई चे बारा का, आणि झेडचा एकच का?’ असा प्रश्न येतो, आणि तेव्हा पाठ्यपुस्तकातील एखादे पान घेऊन अक्षरे मोजावयास लावावीत. गणिताचा तासही त्यात साधतो.

अक्षरक्रमाची वही

सापडलेले शब्द नुसते फळ्यावर लिहून पुसून टाकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यासाठी वर्गाची एक वही ठेवावी. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावून ती मथळ्यास लिहावीत आणि त्याखाली तो शब्द नोंदवावा. प्लेट या शब्दाची अक्षरे क्रमाने लावली की ए, ई, एल, पी, टी असा मथळा होतो. पेटल म्हणजे पाकळी, प्लीट म्हणजे कपड्याची चुणी आणि लेप्ट म्हणजे उडी मारली, हे तिन्ही शब्द त्याच मथळ्याखाली येऊन बसतात. एका घरात चार भावंडे राहावीत तसे. दुसरे दिवशी हीच पाच अक्षरे कोणत्याही क्रमाने आली, तरी ती लावून वही उघडणे पुरते. संगणकही अक्षरांवरून शब्द शोधताना हीच युक्ती वापरू शकतो. त्याची वही मोठी आणि पाने उलटण्याचा वेग अफाट, एवढेच. जेथे मोबाइलला संपर्क मिळत नाही, तेथे कागदी वहीने काम अडत नाही.

अर्थ कोणत्या भाषेत?

या खेळातील मोठा धोका म्हणजे अर्थाविना शब्दांची रास. शब्दकोशात आहे म्हणून कोणतीही अक्षरजोड ग्राह्य धरली तर चुरस वाढते आणि भाषा मागे राहते. म्हणून नियम असा असावा की शब्द जुळविणाऱ्या गटाने तो मोठ्याने वाचावा, त्याचा अर्थ सांगावा आणि ती वस्तू वा क्रिया दाखवावी. मगच तो वहीत जावा. अर्थ मराठीतच सांगितला पाहिजे, असा आग्रह मात्र नसावा. ओठ, शेपूट, पाकळी, बादली यांना माडियात काय म्हणतात ते मुलांनी सांगावे आणि वहीत देवनागरीत लिहावे. माडिया न जाणणाऱ्या शिक्षकाची ही वही हळूहळू त्रैभाषिक शब्दसंग्रह बनते आणि त्याचा पहिला विद्यार्थी तो स्वतः असतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला आहे. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना महिन्यातून एकदा ही वही वाचून दाखविल्यास बोलीतील शब्दांची तपासणी जाणत्यांकडून आपोआप होईल.

गावाच्या नावानंतर मुले आपल्या आडनावांकडे वळतात. आत्राम या आडनावाच्या रोमन अक्षरांत ट्रॅम, आर्ट, आर्म आणि मॅट आहेत. उसेंडी लिहिताना मध्येच सेंड म्हणजे पाठविणे हा शब्द सलग सापडतो. मडावी या आडनावातून एड म्हणजे मदत आणि एम म्हणजे ध्येय निघते. पण वेडा या अर्थाचा मॅड हा शब्दही त्यात आहे. अशा वेळी शिक्षकाने सावध असावे. एखाद्या मुलाच्या नावाची टिंगल होणार असेल तर आडनावांचा खेळ न खेळलेला बरा.

आडनावांचा हा भाग दुसऱ्या एका कारणानेही महत्त्वाचा आहे. एकच नाव शाळेच्या दाखल्यावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्या कागदावर निराळ्या स्पेलिंगने लिहिले गेले की पुढे शिष्यवृत्ती, बँकखाते वा जातप्रमाणपत्राच्या वेळी कुटुंबाला हेलपाटे घालावे लागतात. गावांच्या नावांतही हे घडते. आलापल्ली रोमन लिपीत कधी एका एलने, तर कधी दोन एलने लिहिलेली आढळते. सातवी-आठवीतील मुलाला स्वतःचे नाव अक्षर-अक्षर तपासण्याची सवय लागली, तर अर्ज भरताना आईवडिलांशेजारी बसून ते चूक वेळीच दाखवू शकते. दाखले लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांनीही पूर्वीच्या कागदावरील स्पेलिंग पाहिल्यावाचून नवे लिहू नये.

शेजारची नावे

एटापल्लीचा संच संपला की परिसरातील इतर नावे घ्यावीत. अहेरीच्या पाच अक्षरांत ऐकणे, केस, ससा, भाड्याने घेणे आणि वारस या पाचही अर्थांचे चार अक्षरी इंग्रजी शब्द आहेत. त्यांपैकी केस आणि ससा यांचा उच्चार एकच, हेअर. आणि वारसाच्या शब्दातील एच मुका असल्याने तो ‘एअर’ म्हणजे हवा या शब्दासारखा ऐकू येतो. गडचिरोलीच्या दहा अक्षरांतून चाइल्ड, गर्ल, चेअर, रोड, गोल्ड आणि कोल निघतात. यांतील कोल म्हणजे कोळशाच्या खाणी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. खुद्द चंद्रपूरच्या नावात हँड म्हणजे हात हा शब्द सलग दडलेला आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर सिरोंचाच्या नावात मिळते. त्याची एस, आय, आर, ओ, एन, सी, एच, ए ही अक्षरे फळ्यावर लिहावीत आणि एकही अक्षर न हलविता शब्द शोधण्यास सांगावे. दुसऱ्या ते पाचव्या अक्षरापर्यंत आयर्न म्हणजे लोखंड हा शब्द उभा आहे. सुरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगरांखाली राहणाऱ्या एटापल्लीच्या मुलांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याचा उच्चार मात्र सांगावा लागतो, कारण त्यातील आर मुलांना दिसतो तेथे ऐकू येत नाही.